गव्याची इजाजत

आमचे बिद्री गाव लोकांना माहीत आहे ते साखर कारखान्यामुळे. दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखाना असे लांबलचक नाव कोणी घेत नाही. कागल, भुदरगड, राधानगरी तालुक्यांतला शेतकरी नुसते 'बिद्री' म्हणतो आणि ऐकणाऱ्याला कळते. हंगामात उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता अडतो, हवेत मळीचा वास भरून राहतो, आणि सायकलवरून शाळेला जाणारी पोरे चालत्या ट्रॉलीतून ऊस ओढायला बघतात. हे सगळे आमच्या लहानपणापासूनचे आहे. अलीकडे या रस्त्यावर आणखी एक वर्दळ वाढली आहे. शनिवार-रविवार आला की लांबलांबच्या गाड्या मुदाळ तिट्ट्यावर चहाला थांबतात आणि राधानगरी-दाजीपूरच्या दिशेने वळतात. गळ्यात कॅमेरे, अंगात रानाच्या रंगाचे कपडे. संध्याकाळी त्याच गाड्या परत येतात आणि चहाच्या टपरीवर एकच प्रश्न ऐकू येतो, "गवा मिळाला का?"

'मिळाला' या शब्दावर आम्ही पुष्कळ विचार केला आहे. मास्तरकीचा धंदा असल्यामुळे शब्द कानाला लागतो. कोणी 'गवा दिसला का' असे विचारत नाही. मिळाला का, घावला का, आणि कोणाला अगदी जवळून फोटो घेता आला असेल तर 'गव्याने मस्त दिला' असेही म्हणतात. जणू गवा काहीतरी द्यायला बांधील होता! हे शब्द शिकाऱ्यांच्या तोंडचे आहेत. बंदूक जाऊन कॅमेरा आला, बोली तीच राहिली.

दाजीपूरचे रान शिकारीनेच राखले गेले, हेही खरे आहे. कोल्हापूर संस्थानचे ते राखीव शिकारीचे रान. त्या संस्थानात काळविटाच्या शिकारीसाठी चित्ते पाळले जात. डोळ्यांवर पट्टी बांधलेला चित्ता बैलगाडीतून माळावर न्यायचा आणि काळवीट टप्प्यात आले की पट्टी सोडायची, अशी ती रीत. पुढे इथले चित्ते सरले तेव्हा आफ्रिकेतून आणले गेले. कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यातल्या संग्रहालयात पेंढा भरलेली जनावरे आजही काचेच्या डोळ्यांनी बघत उभी आहेत. छत्रपती शाहू महाराजांनी भोगावतीवर धरण बांधायला घेतले, १९०६ साली कोल्हापुरात मुस्लिम बोर्डिंग काढले. आमच्यासारख्यांच्या वाडवडिलांना अक्षरओळख झाली ती अशा माणसामुळे, म्हणून त्यांच्या शिकारीविषयी आम्ही आज न्याय द्यायला बसत नाही. काळ वेगळा होता. पण एक गोष्ट मात्र मनात येते. त्या काळच्या शिकारीत निदान नाव खरे होते. शिकारीला शिकारच म्हणत.

१९५८ साली या रानाला गव्यांचे अभयारण्य म्हणून संरक्षण मिळाले. महाराष्ट्रातले ते पहिले अभयारण्य मानतात. १९८५ साली हद्द वाढवून ते राधानगरी अभयारण्य झाले, साडेतीनशे चौरस किलोमीटरांहून थोडे मोठे. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातल्या जागतिक वारशात त्याचा समावेश केला. गव्याला साहेबाने 'बायसन' म्हटले आणि ते नाव चिकटले. खरा बायसन अमेरिकेत आणि युरोपात असतो. आपला गवा हा गाईगुरांच्या जातीतला. खांद्याशी माणसाच्या उंचीचा, पूर्ण वाढलेला नर हजार किलोपर्यंत भरतो, आणि चारी पायांना पांढरे मोजे घातल्यासारखे दिसतात. एवढे धूड, पण स्वभावाने बुजरे. पहाटे आणि तिन्हीसांजेला चरते, दिवसा झाडीत शिरून बसते. निपाणीहून देवगडला जाणारा रस्ता या रानातूनच फोंडा घाटात उतरतो. त्यामुळे माणसाची चाहूल त्याला दिवसरात्र आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेची सहल दाजीपूरला गेली. शाळा उर्दू माध्यमाची. सहलीआधी पालकांची बैठक झाली आणि एका पालकाने मुलींच्या फोटोंचा मुद्दा काढला. फोटो काढणार असाल तर आधी विचारा, आणि ते मोबाईलवर कुठे फिरता कामा नयेत, असे त्यांचे म्हणणे. ते रास्त होते. आम्ही प्रत्येक घराकडून लेखी परवानगी घेतली. दोन घरांनी नाही म्हटले. त्या दोघींना फोटोच्या वेळी बाजूला उभे केले. सहलीत सकाळच्या धुक्यात एक कळप दिसला. आम्ही पुढे होऊन फोटो घ्यायला लागलो. बाजूला उभ्या राहणाऱ्या दोघींपैकी एक, सातवीतली मुलगी, आमच्या मागे येऊन हळूच म्हणाली, "सर, गवे की इजाजत लिए क्या?"

सगळे हसले. आम्हीही हसलो. पोरगी मात्र थट्टा करत नव्हती. तिच्यापुरता हिशेब सरळ होता. आपल्याला विचारतात, मग त्याला का नाही?

तस्वीरीचा प्रश्न आपल्या समाजात जुना आहे. सजीवाची तस्वीर जायज की नाजायज, यावर उलमांनी ढीगभर लिहिले. इजिप्तचे मुफ्ती मुहम्मद बखीत अल-मुतीई यांनी विसाव्या शतकात असे मत मांडले की छायाचित्र म्हणजे सावली धरून ठेवणे आहे, नवी निर्मिती नव्हे. हिंदुस्थानातल्या अनेक उलमांना ते पटले नाही. मग पासपोर्ट आला, हजचा अर्ज आला, मतदार ओळखपत्र आले, शेवटी प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला, आणि वाद न सुटताच बाजूला पडला. आम्हाला त्यात शिरायचे नाही. आम्ही आलिम नव्हे, बी.एड. झालेले मास्तर. पण एवढे जाणवते की ती सारी चर्चा तस्वीर काढणाऱ्याविषयी होती. त्याची नियत काय, तो खालिकची बरोबरी करतो का, इत्यादी. ज्याची तस्वीर निघते त्याच्या बाजूने त्या मुलीने विचारले.

त्या बाजूने शोधू गेले तर आपल्याकडे सामग्री कमी नाही, फक्त ती तस्वीरीच्या प्रकरणात सापडत नाही, शिकारीच्या प्रकरणात सापडते. मक्केच्या हरमविषयीचा हुकूम पाहा. तिथले झाड तोडायचे नाही, शिकार करायची नाही, हे बहुतेकांना माहीत असते. पण हुकूम त्याच्या एक पाऊल पुढे जातो. तिथल्या जनावराला बुजवायचेही नाही, बसल्या जागेवरून उठवायचेही नाही. मारणे लांब राहिले, दचकवणेही मना. जनावराचा निवांतपणा हीसुद्धा त्याची मालमत्ता आहे आणि ती लुटता येत नाही, असा याचा अर्थ आम्ही घेतो. दुसरी गोष्ट इहरामची. हजरत अबू कतादा इहराममध्ये नव्हते, बरोबरचे लोक होते. अबू कतादांनी रानगाढवाची शिकार केली. तिचे मांस बाकीच्यांना चालेल का, असा प्रश्न आला तेव्हा पैगंबरसाहेबांनी विचारले की तुमच्यापैकी कोणी त्याला सांगितले होते का, त्या जनावराकडे बोट तरी दाखवले होते का? नाही म्हटल्यावर इजाजत मिळाली. म्हणजे बोट दाखवणारा हा शिकारीतला भागीदार ठरतो. हत्यार त्याच्या हातात नसले तरी.

दाजीपूर हे हरम नव्हे आणि सहलीला निघालेला माणूस इहराममध्ये नसतो. ही तुलना फतवा म्हणून कोणी घेऊ नये. पण ज्याला आज सरकार अभयारण्य म्हणते, त्या शब्दातच 'अभय' आहे. भय नसलेले रान. तिथे न मारण्याचे वचन आपण पाळतो. न भिवविण्याचे पाळतो का?

आता आमची हकिकत सांगतो. ती सांगायची नव्हती, पण ती टाळून हा लेख लिहिला तर वरचे सगळे पोपटपंची ठरेल.

गवे आता रानातच राहतात असे नाही. पाणी आणि हिरवा चारा शोधत ते उसात उतरतात. उसासारखी आडोशाची जागा दुसरी नाही. एका हंगामात, जानेवारीच्या थंडीत, सकाळी फिरायला गेलो असता ओढ्याकाठच्या फडाच्या कडेला एकटा गवा उभा दिसला. खाली मान घालून चरत होता. आम्ही मोबाईल काढला. दोन-तीन फोटो घेतले, पण तोंड दिसेना. म्हणून आम्ही तोंडाने शीळ घातली. त्याने झटकन मान वर केली, कान उभे केले आणि थेट आमच्याकडे पाहिले. तो फोटो. तो आम्ही गावच्या आणि शाळेच्या व्हॉट्सॲप गटांवर टाकला, खाली ओढ्याचे आणि शिवाराचे नाव लिहून. लिहिण्यामागची नियत साफ होती. लोकांनी सावध राहावे, पहाटे पाणी पाजायला जाणाऱ्याने जपून जावे, असेही एक वाक्य घातले होते. पण खरे सांगायचे तर फोटो झकास आला होता आणि तो लोकांनी पाहावा असे वाटत होते. दुपारपर्यंत शंभर-दीडशे अंगठे आले. "सर, एक नंबर." "काय नजर आहे!"

दुपारनंतर मोटारसायकली आल्या. आसपासच्या चार गावांतली पोरे; त्यांत आमचे जुने विद्यार्थीही होते. प्रत्येकाला त्याची तशीच नजर हवी होती. फडाला चहूबाजूंनी वेढा पडला, आरडाओरडा झाला, कोणी फटाके लावले. गवा बिथरला आणि निघाला तो फडाच्या पलीकडे, जिथे ऊसतोड टोळीच्या कोप्या होत्या. बीडकडची माणसे. त्यांना व्हॉट्सॲपवरचा आमचा इशारा कुठून मिळणार? एका कोपीपुढे चूल पेटली होती. जनावर धडकले नाही, शेजारून गेले. पण पळापळीत उकळत्या पाण्याचे पातेले कलंडले आणि त्या घरच्या बाईचा पाय घोट्यापासून वर भाजला. गवा अंधारात डोंगराकडे गेला असे सांगतात. पुढे त्याचे काय झाले ते कोणालाच माहीत नाही.

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. नवरा तोडतो, बायको मोळी बांधते आणि डोक्यावरून गाडीपर्यंत नेते. एकाचा पाय गेला की अर्धा कोयता राहतो असे नाही, अख्खा कोयता बसतो. उचल मात्र घेतलेली असते आणि ती फेडायचीच असते. आम्ही दवाखान्याचे पैसे दिले, पुढेही थोडे दिले. त्या माणसाने घेतले. रागावला नाही. फक्त एकदा विचारले, "गुरुजी, तो फोटू तुमीच टाकला व्हता म्हणत्यात. खरं हाय का?"

आम्ही हो म्हटले. त्यापुढे त्यानेही काही विचारले नाही.

गावात कोणी आम्हाला दोष दिला नाही. आम्ही टाकला नसता तर दुसऱ्याने टाकला असता, पोरे कुणाचे ऐकतात, आणि नियत तर चांगलीच होती, असे सगळे म्हणाले. नियतीवर अमल ठरतो हे आम्हीच वर्गात शिकवतो. पण तेव्हापासून सूरह नम्लमधली मुंगी मनातून जात नाही. हजरत सुलैमान यांचे लष्कर येताना पाहून ती बाकीच्या मुंग्यांना घरात जायला सांगते. हे लष्कर तुम्हाला चिरडील, आणि त्यांना ते कळणारही नाही, असे तिचे सांगणे आहे. मुंगी लष्कराला जालीम म्हणत नाही. त्यांची नियत वाईट आहे असेही म्हणत नाही. कळणार नाही, एवढेच म्हणते. चिरडले जाण्यासाठी तेवढे पुरेसे असते. लहानपणी मदरशात ही कहाणी आम्ही मुंगीचे कौतुक म्हणून ऐकली होती. आता ती लष्कराच्या बाजूने ऐकू येते.

असे लष्कर फक्त आमच्या ओढ्यावर जमते असे नाही. ९ डिसेंबर २०२० रोजी पुण्याच्या कोथरुडात एक गवा वाट चुकून आला. काही तास तो घरांच्या गल्ल्यांतून धावत राहिला, मागे लोक आणि मोबाईल. शेवटी बेशुद्ध करून पकडला आणि तो मेला. रानातल्या जनावराचा असा पाठलाग झाला की अंग तापते, स्नायू निकामी होऊ लागतात आणि हृदय बंद पडते. अंगावर मोठी जखम नसतानाही ते मरते. त्याच महिन्यात बावधनला दुसरा गवा आला तेव्हा गर्दीला लांब ठेवले गेले आणि तो परत गेला. दोन आठवड्यांत पुणेकर शिकले, याबद्दल त्यांना मानले पाहिजे. पहिल्याच्या जिवावर शिकले, हेही खरे. ३१ डिसेंबर २०२४ रोजी विदर्भातल्या उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात एका वाघिणीला तिच्या पाच बछड्यांसह पर्यटकांच्या गाड्यांनी दोन्ही बाजूंनी कोंडले. ती चित्रफीत पसरली, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने आपणहून दखल घेतली, गाईड आणि चालकांवर कारवाई झाली. गाड्यांत बसून 'अजून थोडे पुढे घ्या' म्हणणाऱ्यांचे काय झाले, ते मात्र बातम्यांत आमच्या वाचनात आले नाही. याच अभयारण्यातला 'जय' हा वाघ. देशातल्या सर्वांत प्रसिद्ध वाघांपैकी एक, हजारोंच्या कॅमेऱ्यांत बसलेला, गळ्यात माग काढण्याचा पट्टा असलेला. २०१६ साली तो नाहीसा झाला. इतक्या डोळ्यांनी पाहिलेले जनावर कुठे गेले ते एकाही डोळ्याला सांगता आले नाही.

आता कोणी म्हणेल, मग कॅमेराच नको का? तसे आम्हाला म्हणता येत नाही, आणि ही आमच्या विचारातली अडचण आहे. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन नावाचा इंग्रज वनाधिकारी होता. त्याने बंदुकीऐवजी कॅमेरा धरला. वाटेवर तार लावायची, जनावराचा पाय लागला की आपोआप फोटो निघायचा. १९२०च्या दशकात त्याने रानातल्या जिवंत वाघाचे फोटो असे मिळवले, आणि जिम कॉर्बेटसारख्या शिकाऱ्यालाही त्यातून कॅमेऱ्याची ओढ लागली. आज आपल्या सह्याद्रीत वाघ आहे की नाही यावर नुसत्या वावड्या उठत, तेव्हा २०१८ साली चांदोलीच्या बाजूला झाडाला बांधलेल्या अशाच कॅमेऱ्याने पुरावा दिला. त्यासाठी कोणी शीळ घातली नाही, कोणाला उठवले नाही.

आणि आपले सलीम अली. १८९६ साली मुंबईत जन्मले, लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. ती खाणे जायज आहे का, अशी शंका आली म्हणून मामांना दाखवायला नेली. गळ्यावर पिवळा ठिपका होता. तिची ओळख पटवायला मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि तिथून पुढचे आयुष्य पक्ष्यांचेच झाले. त्यांनी अभ्यासासाठी पुढेही पक्षी मारले आणि ते कधी लपवले नाही. म्हणजे इजा न करता ज्ञान होते असे सरसकट म्हणता येत नाही. पण त्यांनी पाडलेल्या पाखराचा पुढे हिशेब दिला; ते कोणते, कुठले, काय खाते, कुठे जाते, हे साऱ्या जगाला सांगितले. आमच्या फोटोतल्या गव्याविषयी आम्ही काय जाणून घेतले? तो नर होता एवढेच, आणि तेही नंतर दुसऱ्याने सांगितले.

आणखी एक गोष्ट या फोटोंत खटकते. त्यांत माणूस नसतो. आमच्या सहलीच्या फोटोंत पाणवठा आहे, धुके आहे, कळप आहे. धनगरवाड्यावरची डोक्यावर भारा घेतलेली म्हातारी नाही. ती चौकटीत येत होती म्हणून आम्हीच तिला 'जरा थांबा मावशी' म्हणालो होतो. ती थांबली. स्वतःच्या वाटेवर, आमच्या फोटोसाठी. चांदोलीच्या रानातून धरणासाठी आणि अभयारण्यासाठी किती गावे उठली, त्या माणसांनी जमिनी मिळाव्यात म्हणून कोल्हापुरात किती वर्षे आंदोलने केली, हे आमच्या पिढीने डोळ्यांनी पाहिले आहे. २००४ साली चांदोली राष्ट्रीय उद्यान झाले. तिथले फोटो आज पाहिले तर वाटते की तिथे कधी चूल पेटलीच नव्हती. जनावराला न उठवण्याचे आपण बोलतो तेव्हा, त्याच्यासाठी माणसांना उठवले होते हे विसरून बोलणे आम्हाला जमत नाही. रान राखायचे असेल तर कोणीतरी किंमत देणारच. पण ती देणारा एक आणि फोटो नेणारा दुसरा, असे नेहमी का होते, याचे उत्तर आमच्यापाशी नाही.

आम्ही आता काय करतो? फार काही नाही. सहल अजून नेतो. कळप दिसला तर पोरांना आधी पाच मिनिटे नुसते बघायला लावतो, मोबाईल खिशात. पोरे चुळबुळतात. फोटो घेतला तर जागा सांगायची नाही. शिवारात गवा आला तर वनखात्याला आणि फडातल्या टोळीला कळवतो, गटावर नाही. तेवढ्याने हिशेब पुरा होतो असे आमचे म्हणणे नाही.

तो फोटो मात्र आम्ही पुसून टाकलेला नाही. का, ते नीट सांगता येत नाही. पुसला तर आपली सुटका झाली असे वाटेल, कदाचित म्हणून.

पुढल्या हंगामात तीच टोळी परत आली. आम्ही भेटायला गेलो. बाई कोपीच्या दारात भाकरी थापत बसली होती. पायावरची कातडी गुलाबी, चकचकीत. बोलली नाही. तिची आठ-नऊ वर्षांची मुलगी जवळ आली आणि म्हणाली, "गुरुजी, तुमच्याकडं त्या गव्याचा फोटू हाय ना? मला दावा की. आमी पळालो, मला नीट दिसलाच न्हाई."

आम्ही क्षणभर थांबलो, मग तिच्या आईकडे पाहिले. तिने मान हलवली. मोबाईल पोरीच्या हातात दिला. तिने दोन्ही हातांनी धरून तो फोटो पुष्कळ वेळ पाहिला.

"ह्यो तर भ्यालाय," ती म्हणाली.

तिच्या आईने भाकरी उलटली.